दहा वाजताचा थकवा : फूल बाजारातल्या एका मावशींची शुगर आणि लो-कार्ब आहार

"शुगरचं राहू दे ताई, ती काय आता जायची नाही. मला ते दहा वाजताचं सांगा."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दादरच्या दवाखान्यात, फाइल उघडायच्या आधीच मावशींनी मला हे सुनावलं. मी आहारतज्ज्ञ आहे. एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस बसते. मावशींच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. आकडे मात्र त्यांच्या वहीतले आहेत.

वय ५१. माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. सासरे गिरणीत होते, म्हणून बिऱ्हाड परळच्या चाळीत. गेली बावीस वर्षं दादर पश्चिमेच्या फूल बाजारात धंदा : झेंडू, शेवंती, वेण्या, हार. माल पहाटे उतरतो, त्यामुळे तीनला उठायचं आणि साडेतीनला चालत निघायचं. नऊ-साडेनऊपर्यंत घाऊक गिऱ्हाईक ओसरतं आणि मग हार ओवायचं काम सुरू होतं. "सुई हातात असते, पण हात उचलत नाही. हातपाय गळतात. समोरचं माणूस भाव विचारतंय ते ऐकू येतं, उत्तर द्यायला जीव राहत नाही." हे गेली दोन वर्षं रोज, दहाच्या सुमाराला.

डायबिटीस सात वर्षांपासून. उंची १५३ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी ९.२, उपाशीपोटी १७८, जेवणानंतर २८६. मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड २ अशी जोडगोळी सकाळ-संध्याकाळ, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०. हिमोग्लोबिन १०.४. रात्री लघवीला तीन वेळा उठणं. झोप सगळी मिळून पाच तास, तीही दोन तुकड्यांत.

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार, हा शब्द मी काढला मात्र, मावशींनी मान जोरात हलवली. "ते केलंय मी. मरता मरता वाचले."

जानेवारीत चाळीतल्या एका शेजारणीने त्यांना सांगितलं होतं की भात, चपाती, भाकरी, साखर सगळं बंद कर, महिन्यात शुगर उतरते. शेजारणीची उतरली होती, त्यामुळे सांगण्यात खोट नव्हती. मावशींनी दुसऱ्या दिवसापासून सगळं सोडलं. नुसती भाजी आणि ताक. गोळ्या होत्या तशाच चालू. चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास बाजारात त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या गाळेवाल्याने ओट्यावर बसवलं, कुणीतरी पिशवीतला पेढा तोंडात घातला. दहा-पंधरा मिनिटांत बाई सावरली. त्या दिवशी कुणी शुगर मोजली नाही, पण ही कहाणी ऐकताना आमच्या डॉक्टरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं ते एकाच कारणाने. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. आज ताटात भात आहे की नुसती भाजी, याच्याशी त्या गोळीला कर्तव्य नसतं. भात काढला आणि गोळी तेवढीच ठेवली की शुगर ७० च्या खाली घसरू शकते, आणि बहुधा तेच झालं होतं.

मावशींनी मात्र त्यातून एकच निष्कर्ष काढला होता : भाकरी सोडली की माणूस मरतं. हा निष्कर्ष घेऊन मला असंख्य पेशंट भेटतात आणि त्यांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांनी स्वतःच्या अंगावर ते अनुभवलेलं असतं. गोळी कमी करायला हवी होती हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिले तीन दिवस आम्ही काहीच बदललं नाही. फक्त ग्लुकोमीटर दिला आणि सांगितलं, दहा वाजता ते हातपाय गळायला लागले की तिथेच बोट टोचायचं आणि आकडा वहीत लिहायचा. शेजारी एवढंच लिहायचं की आज अंगात दम किती, दहापैकी.

पहिला दिवस : २६२, दम ३. दुसरा दिवस : २४८, दम ३. तिसऱ्या दिवशी गर्दीत न्याहारी राहून गेली होती, तीनच्या चहा-बिस्किटांवरच बाई दहापर्यंत उभी होती : ८३, दम ३.

ही वही माझ्यासमोर आली तेव्हा मी बराच वेळ त्या तीन ओळी बघत बसले. तक्रारीचे शब्द तेच, "हातपाय गळतात". एक आकडा दोनशे बासष्ट, एक त्र्याऐंशी. मग मी खोदून खोदून विचारलं. २६२ च्या दिवशी अंग जड होतं, डोळ्यांवर झापड होती, घशाला कोरड होती, एक बाटली पाणी संपवलं होतं. ८३ च्या दिवशी झापड नव्हती. छातीत धडधड होती, बोटं कापत होती, भूक लागली होती. दोन्ही वेगळे थकवे. दोन वर्षं एकाच नावाने राहत होते, म्हणून एकच वाटत होते.

जड थकव्याचं कारण समजायला अवघड नाही. टाइप टू डायबिटीसमध्ये इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. रक्तात साखर भरपूर, पण स्नायूंच्या पेशींना ती हवी तशी घेता येत नाही. साधारण १८० च्या वर गेलेली साखर मूत्रपिंडं लघवीवाटे टाकू लागतात, तिच्याबरोबर पाणीही जातं. म्हणून तहान, म्हणून रात्री तीनदा उठणं, म्हणून झोपमोड आणि सकाळी पुन्हा थकवा. मावशींना वाटायचं की ताकद येण्यासाठी साखरेचा चहा हवा. दिवसातून सहा वेळा त्या ते औषध घेत होत्या.

त्यांच्या एका दिवसाचा हिशेब आम्ही दोघींनी मिळून मांडला. पहाटे दोन चमचे साखरेचा चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटं. बाजारात तीन-चार कटिंग. आठला वडापाव, नाहीतर पोहे. दुपारी एकला घरी दोन वाट्या भात, आमटी, दोन चपात्या, बटाट्याची भाजी. चारला चहा-टोस्ट. रात्री दोन भाकऱ्या, भाजी आणि "वरून थोडा भात". बेरीज दिवसाला ४०० ग्रॅम कर्बोदकांच्या आसपास गेली. प्रथिनं जेमतेम ४५ ग्रॅम. मावशींचं ताट काही जगावेगळं नाही. आपल्याकडे एकूण ऊर्जेतली साठ टक्क्यांहून जास्त कर्बोदकांतूनच येते, हे आयसीएमआर-इंडियाब या डायबिटीसच्या देशभरच्या पाहणीतही दिसलं आहे.

भाकरीबद्दल इथेच सांगते, कारण दर आठवड्याला मला हे ऐकावं लागतं : "मी चपाती सोडली, आता ज्वारीची भाकरीच खाते." गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, कुठलंही पीठ घ्या, १०० ग्रॅमला कर्बोदकं ६० ते ७० ग्रॅमच्या घरातच असतात. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण मोठ्या दोन भाकऱ्या म्हणजे ८० ग्रॅम कर्बोदकं, मग त्या चुलीवरच्या असोत की गॅसवरच्या.

ताटाआधी गोळी

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी, आणि ती माझी नाही, डॉक्टरांची आहे. आहार बदलायच्या आदल्या दिवशी त्यांनी संध्याकाळचं ग्लिमेपिराइड बंद केलं आणि सकाळचं २ वरून १ वर आणलं. मेटफॉर्मिन तसंच ठेवलं. ते मुख्यतः यकृतातून सुटणारी साखर आवरतं, एकट्याने शुगर सहसा धोक्याइतकी खाली पाडत नाही. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या हल्ली सर्रास दिल्या जातात आणि त्यांचे फायदेही आहेत. पण कर्बोदकं एकदम कमी करत असताना त्यांच्यामुळे कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा धोका वाढतो, तोही शुगर फार वाढलेली नसताना, म्हणजे कुणाच्या लक्षातही न येता. म्हणून त्या वाटेला ते गेले नाहीत. शिवाय त्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, कारण वर्षानुवर्षं चढलेली शुगर झपाट्याने उतरली तर आधीच खराब असलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. मूत्रपिंडं कशी आहेत ते कळायला लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन पाहिलं. दोन्ही व्यवस्थित, म्हणजे प्रथिनं वाढवायला हरकत नव्हती. पायांची संवेदनाही पाहिली. दिवसभर रबरी चपलेत, ओल्या फरशीवर उभं राहणाऱ्या बाईचे पाय कुणीतरी बघायलाच हवे होते.

मग मी ताटाकडे वळले. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कर्बोदकं म्हणजे लो-कार्ब असं साधारण मानतात. २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आणलं की लोक त्याला कीटो म्हणतात. पहाटे तीनला उठून फुलांच्या करंड्या उचलणाऱ्या बाईला कीटोवर टाकायची माझी तयारी नव्हती, आणि गरजही नव्हती. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१९ साली तज्ज्ञांच्या अहवालात म्हटलं होतं की रक्तातली साखर सुधारण्यासाठी सगळ्यात जास्त पुरावा एकूण कर्बोदकं कमी करण्याच्या बाजूने आहे. त्यात सगळ्यांसाठी एकच आकडा नाही. आम्ही ११०–१२० धरला.

मी विचारलं, काय सुटणार नाही? मावशी म्हणाल्या, "दुपारची भाकरी. भात सोडते. चहातली साखर… बघते."

ठरलं ते असं. पहाटे बिनसाखरेचा चहा आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे. साडेसातला घरच्या डब्यातलं दोन अंड्यांचं ऑम्लेट. अंडं चालत नाही त्या वारी मुगाच्या डाळीचं एक धिरडं आणि पनीर. दहाच्या आधी ताक. दुपारी तळहाताएवढी एकच भाकरी, वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ, दोन वाट्या भाजी, काकडी, दही. चारला मूठभर फुटाणे. रात्री मासे, अंडं किंवा घट्ट पिठलं आणि पालेभाजी. सगळं परळच्या बाजारात मिळणारं. बदाम, अॅव्होकाडो, बदामाच्या पिठाची पोळी यातलं काहीही नाही. तसला आहार मी लिहून देऊ शकते, पण त्या घरात तो चार दिवससुद्धा टिकला नसता.

पट्ट्या महाग पडतात म्हणून रोज एकदाच मोजायचं, दहा वाजता. उपाशीपोटीचं आठवड्यातून दोनदा.

माझी चूक

पाचव्या दिवशी दहाची शुगर १५१ आली. मावशींच्या मुलाने फोटो पाठवला, मी खूश. सातव्या दिवशी त्याचाच फोन : आईचं डोकं प्रचंड दुखतंय, करंडी उचलून उभी राहिली की गरगरतं. शुगर १२४.

पुन्हा शुगर पडली असणार अशी घरच्यांची खात्री, आणि जानेवारीची भीती परत आलेली. दवाखान्यात बोलावलं. बसून बीपी १०८/७०. उभं करून पाहिलं तर ९२/६०.

हे मी आधी ओळखायला हवं होतं. कर्बोदकं कमी झाली की रक्तातलं इन्सुलिन उतरतं, आणि इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवत नाहीत. पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरतं त्यातलं बरंचसं हे पाणी असतं. त्यात पावसाळ्याची दमट हवा, बाजारातला घाम, बीपीची गोळी पूर्ण डोसात. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे माझ्याच हातच्या कागदावर खाली लिहिलेलं होतं : "मीठ कमी." बीपीच्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर लिहिते, तसंच सवयीने लिहिलेलं. मावशी आज्ञाधारक, त्यांनी ताकातलंही मीठ काढून टाकलं होतं.

डॉक्टरांनी टेल्मिसार्टन निम्मं केलं. मी तो कागद त्यांच्यासमोर फाडला आणि नवा लिहिला : दोन वेळा मीठ-जिरं घातलेलं ताक, संध्याकाळी मुगाचं पातळ कढण. चार दिवसांत गरगरणं थांबलं. हा सल्ला कुणी उचलून स्वतःला लावू नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मीठ वाढवणं घातक ठरतं. आणि बीपी आहे म्हणून "लो सोडियम" मीठ आणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या पोटॅशियम आधीच वाढवतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नये.

तिसऱ्या आठवड्यात आणखी एक प्रसंग. सकाळी साडेनऊला थरथर, घाम, धडधड. मावशींनी गुळाचा खडा हातात घेतला, पण आधी बोट टोचलं. मला याचं फार कौतुक वाटतं. आकडा आला ९६. त्यांनी मुलाला फोन लावला, मुलाने मला. "ताई, मशीन बिघडलं काय?"

मशीन ठीक होतं. वर्षानुवर्षं दोनशेच्या वर राहिलेल्या शरीराला ९६ हा आकडाच उपासमारीसारखा वाटतो आणि ते धोक्याची घंटा वाजवतं. काही आठवड्यांत त्याला नव्या पातळीची सवय होते. आम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं : ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पहिलाच आकडा ७० च्या वर असेल तर नुसतं बसायचं, ताक प्यायचं, शेंगदाणे खायचे. मोजायला मशीन जवळ नसेल तर साखर घ्यायची, वाद घालत बसायचं नाही. त्याच आठवड्यात उपाशीपोटी ११२ आली आणि डॉक्टरांनी उरलेलं ग्लिमेपिराइडही बंद केलं.

डब्यातली अंडी

जुलै संपत आला. शुगर दहा वाजता १२० ते १४०. रात्री लघवीला एकदाच उठणं. वजन साडेपाच किलोने कमी. कागदावर सगळं छान, आणि वहीत दम? ४. कधी ४, कधी ५.

"अंधारी येत नाही, झापड येत नाही. पण दमच नाही ताई. पोकळ झाल्यासारखं वाटतं."

इथे अनेकजण हा आहार सोडतात, आणि "लो-कार्बने अशक्तपणा येतो" हे वाक्य इथेच जन्माला येतं. मी त्यांच्या सुनेला बोलावलं आणि तिघी मिळून पुन्हा दिवसाचा हिशेब केला. तेल? "डायबिटीसला तेल वाईट ना, म्हणून भाजी पाण्यावर परतते." दही? "मलईचं नको म्हणून पातळ करते." शेंगदाणे? "आठ-दहा." भात गेला, साखर गेली, आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. ऊर्जेची बेरीज हजार कॅलरींच्याही आत भरली. चोवीसातले सतरा-अठरा तास उभ्या-चालत्या बाईला हजार कॅलरी.

"पण दोन अंडी तर रोज आहेत ना?" मी विचारलं.

मावशी गप्प. सून म्हणाली, "डब्यात मी रोज देते." मावशींनी पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "एक मी खाते. माल उतरवायला एक पोरगं येतं, बिहारचं. पहाटेपासून उपाशी असतं. त्याला कसं नाही म्हणायचं?"

मी काय बोलणार? सुनेला म्हटलं, उद्यापासून चार अंडी द्या. दोन त्याची, दोन यांची, आणि यांनी आपली आधी खायची. भाजीला तेलाची फोडणी परत आली, शेंगदाण्याची चटणी दोन चमचे तेल घालून, दही घट्ट. कर्बोदकं कमी करताना हात आखडून चालत नाही. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पोटभर मिळाले तरच माणूस उभा राहतो. दोन्ही एकदम तोडले तर ती उपासमारच.

त्याच दिवशी रक्त पाठवलं. बी-१२ फक्त १६८, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा ९. सात वर्षं मेटफॉर्मिन चालू असताना बी-१२ कमी होणं नवलाचं नाही. ती गोळी आतड्यातून बी-१२ चं शोषण घटवते, आणि तरीही वर्षातून एकदा ते तपासायचं बहुतेकांकडून राहून जातं. लोह कमी, हिमोग्लोबिन कमी, म्हणजे रक्त प्राणवायूच पुरेसा वाहून नेत नव्हतं. या थकव्याचा साखरेशी संबंधच नव्हता. बी-१२ ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हे तीनदा सांगितलं, कारण चहा लोह अडवतो. एक बारकावाही सांगायला हवा : लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं. म्हणजे जूनमधलं ९.२ कदाचित अगदी तेवढं नसेल. ग्लुकोमीटरचे आकडे मात्र तेव्हाही उंचच होते, त्यामुळे निदानात फरक पडला नाही.

श्रावण पनीर, उसळ आणि धिरड्यांवर निभावला. गणपतीत दोन मोदक खाल्ले, मोजले, १८४ आले, लिहिले. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

नवरात्र

खरी परीक्षा नवरात्रात होती. मावशी नऊ दिवस उपास करतात. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. आणि त्याच नऊ दिवसांत बाजारात झेंडूची झुंबड, शेवटचे दोन दिवस तर रात्रभर उभं राहायचं. उपास सोडा असं मी म्हटलं नाही. तो माझा अधिकार नाही. डॉक्टरांना विचारलं. ग्लिमेपिराइड बंद असल्यामुळे उपासात शुगर कोसळण्याची भीती फारशी नव्हती, त्यांनी होकार दिला.

अडचण उपासाची नव्हती, फराळाची होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं. त्यावर बटाटा, वरी, रताळं, साखरेचं दूध. उपासाच्या नावाखाली ताटात कर्बोदकांशिवाय दुसरं काही उरत नाही. पहिल्या माळेला शेजारणीने आग्रहाने खिचडी वाढली, मावशींनी बशीभर खाल्ली आणि दोन तासांनी मोजलं : २३१. दम ३.

मला फोन आला तो तक्रारीचा नव्हता. "ताई, जूनसारखं झालं. झापड आली. आता सांगा दुसरं काय खाऊ." तीन महिने मी जे समजावत होते ते त्या एका बशीने त्यांना पटवलं. मग लाल भोपळ्याची भाजी तुपात जिरं घालून, काकडीची कोशिंबीर शेंगदाण्याचं कूट घालून, दही, पनीर, दाण्याची आमटी आणि तिच्याबरोबर अर्धी वाटी वरी, मोजून. अंडी नाहीत, मासे नाहीत, त्यामुळे प्रथिनं कमी पडली आणि सहाव्या-सातव्या दिवशी दम ५ वर आला. पण झापड पुन्हा आली नाही.

खंडेनवमीच्या रात्री बारापासून मावशी गाळ्यावर उभ्या होत्या. दसऱ्याच्या सकाळी दहा वाजता, बोटं झेंडूने पिवळी झालेली, मुलाने फोटो पाठवला : १२१. वहीत शेजारी लिहिलं होतं ६, आणि पुढे मुलाच्या अक्षरात, "आई अजून ओवतेय".

दसऱ्यानंतरच्या तपासणीत एचबीए१सी ६.८. वजन ६४.२. बीपी १२२/७८, निम्म्या गोळीवर. हिमोग्लोबिन ११.९. रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड २४० वरून १३८. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल मात्र ११८ वरून १२६. डायबिटीस आणि चाळिशीपुढचं वय पाहता कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन तसंही द्यायला हवं होतं, ते डॉक्टरांनी सुरू केलं. डायबिटीसची गोळी एकच राहिली, मेटफॉर्मिन ५०० दोनदा. ही मुक्ती नव्हे. गोळी चालू आहे, आजार आहे, आणि दोन वाट्या भात परत आला तर शुगरही परत येईल. मावशींना मी हे असंच सांगितलं.

दहाचा दम आता बहुतेक दिवस ७. त्याच्या वर जात नाही, आणि कारण मला माहीत आहे : झोप. पाच तासांची तुटकी झोप इन्सुलिनचं काम बिघडवते आणि माणसाला थकवतेही, त्यावर ताटात उत्तर नाही. मुलगा आठवड्यातून दोन दिवस पहाटेचा गाळा सांभाळायला तयार झाला आहे. मावशींना ते अजून पटलेलं नाही. "त्याला शेवंतीची पारख नाही," म्हणतात.

जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात पुढची तपासणी आहे. तिळगुळाचं काय करायचं हे त्यांनी आत्ताच विचारून ठेवलं. एक वडी खा, मी म्हटलं, आणि दोन तासांनी मोजून आकडा कळवा.